नळीवरची साय

६ ऑक्टोबर, सोमवार

हाल्मोश सरांनी लॅबसाठी पन्नास वह्या मागवल्या आणि छापखान्यानं चौकटींऐवजी साध्या रेघा मारून पाठवल्या. सर म्हणाले, द्या फेकून. फेकून काय देता, चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या! एक मी घरी आणली. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे लिहीत आले, आता थोडं माझंही लिहीन. कोणी वाचलंच तर त्याचं नशीब.

आज एक मुलगी आली. नाव बोरोका, आडनाव केलेमेन, मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. उंच, जरा पोक काढून चालणारी, एका बुटाची नाडी सुटलेली. सर म्हणाले, "विल्माबाई, ही आता आपल्याकडे. सकाळी वॉर्डात, दुपारी इथे. दुहेरी अभ्यासक्रमाला अर्ज करणार आहे. डॉक्टर आणि संशोधक, दोन्ही एकदम."

मी तिला विचारलं, "आणि झोपणार कधी?"

"लेक्चरमध्ये, विल्मा मावशी," ती म्हणाली.

मला हसू आलं होतं, पण दाखवलं नाही. पहिल्याच दिवशी लाडावलं की ही पोरं डोक्यावर बसतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नेहमीप्रमाणे पाण्यापासून सुरुवात. पिपेटनं पाणी उचल, सोड, वजन कर, शंभर वेळा. मेडिकलची पोरं इथेच फुरंगटून बसतात. आम्ही डॉक्टर होणार आणि ही बाई आम्हाला पाणी मोजायला लावते, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. ही मात्र तीनशे वेळा करून म्हणाली, "मावशी, दुपारी तीननंतर माझा हात हलतो. आकडे बघा. सकाळपासून काही खाल्लेलं नसतं म्हणून असेल."

म्हणजे स्वतःचीच चूक हिनं आकड्यांत शोधली. मी तिच्यापुढे पाव आणि उकडलेलं अंडं ठेवलं आणि विचारलं, "एक डॉक्टरकी पुरत नाही का गं? कशाला नसती उठाठेव?"

तिनं अंडं सोलता सोलता सांगितलं. गेल्या वर्षी वॉर्डात एक माणूस आला, स्वादुपिंडाला सूज. पहिल्या दिवशी तिच्याशी फुटबॉलवर वाद घालत होता. चौथ्या दिवशी गेला. शेजारच्या खाटेवर तोच आजार असलेला माणूस आठवड्यात चालत घरी गेला. हिनं वॉर्डाच्या प्रमुख सेपेशी मॅडमना विचारलं, की यातला कोण वाचणार हे पहिल्याच दिवशी कसं ओळखायचं? मॅडम म्हणाल्या, "कोणालाच माहीत नाही."

"मग मी विचारलं, शोधतंय कोण? त्या म्हणाल्या, खाली तळघरातल्या लॅबमध्ये जा. म्हणून आले."

अंड्याचं मीठ तिच्या हनुवटीला लागलं होतं, तिला पत्ता नव्हता.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हिचं काम आता मला कळलं. स्वादुपिंड सुजलेला पेशंट आला, की पहिल्याच दिवशी रक्त घ्यायचं, त्यातलं एक प्रथिन मोजायचं. निरोगी माणसांत ते कमी आणि आजाऱ्यांत जास्त निघालं, तर पहिल्या दिवशी धोका ओळखायची वाट सापडेल. पेशंटच्या नळ्या ती स्वतः भरते, स्वतः गोठवते. भरताना मला हातसुद्धा लावू देत नाही. आधी मला राग आला, नंतर म्हटलं बरंय, तेवढंच काम कमी.

आज रिकाम्या नळ्यांचा डबा ठेवायला वर वॉर्डात गेले, तर बोरोकाबाई एका ट्रामवाल्याच्या खाटेवर बसून त्याची नखं कापत होत्या! हाताला सुई लावलेली, त्याला जमत नव्हतं म्हणे. सेपेशी मॅडम दारातून बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या तळघराला सांगा, रुग्णाला अर्धा डॉक्टर नको असतो. सकाळी इथे, दुपारी तिथे. धड ना हे, धड ना ते."

मी म्हटलं, "मॅडम, नखं तर पूर्ण कापतेय."

त्या हसल्या नाहीत. या मॅडम समितीतही आहेत. अख्ख्या विद्यापीठात दुहेरी अभ्यासक्रमाची वर्षाला एकच जागा. मार्चमध्ये पाच जण मिळून ठरवतात, आणि त्याआधी फेब्रुवारीच्या विद्यार्थी परिषदेत तुमचं भाषण ऐकतात. जागा मिळाली तर पोरगी दोन्ही होईल. नाही मिळाली तर पाचव्या वर्षाच्या ड्युट्या सुरू होतील आणि तळघराचा जिना तिला पुन्हा दिसायचा नाही. अशी चार-पाच पोरं मी जाताना पाहिली आहेत. सुरुवातीला फोन करतात, मग तेही बंद होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चाळीस पेशंट पूर्ण झाले. मी सतरा नंबरची नळी मागितली तर म्हणते, "ट्रामवाले काका? थांबा, देते." तेवीस नंबर म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातली बाई, तीस नंबरला नातू झाला. मी इतकी वर्षं नंबरच बघत आले. आज सतरा नंबर उचलताना उगाच जपून धरली.

३ डिसेंबर, बुधवार

आता निरोगी माणसं हवीत, वीस तरी. मी म्हटलं, आपलं डिपार्टमेंट आहे की! ऑफिसातल्या मुली, दरवान, स्वतः सर. १५ तारखेला सकाळी सगळ्यांचं रक्त घ्यायचं ठरलं, कारण त्याच दिवशी यंत्र मोकळं आहे. नेमकी त्याच सकाळी बोरोकाची तोंडी परीक्षा, सेपेशी मॅडमकडेच. चिठ्ठी ओढायची आणि जो विषय निघेल त्यावर बोलायचं. तारीख बदलून मागितली तर मॅडमचं एकच उत्तर, "ठरव काय व्हायचंय ते."

मी म्हटलं, "जा तू, चिठ्ठी ओढ. वीस नळ्या मी भरते. तुझ्या जन्माआधीपासून भरतेय."

"सगळ्यांनी उपाशी यायचं, मावशी."

"सांगते गं बाई. काही खाल्लं तर कान पिळते एकेकाचा."

१४ डिसेंबर, रविवार

हात अजून सॉसेजात घातलेल्या पापरिकेच्या तिखटानं लाल आहेत. दाजींकडे गावी डुक्कर कापलं. दरवर्षी डिसेंबरात असतंच, यंदा मी अख्ख्या डिपार्टमेंटला बोलावलं. शनिवारी मांस टिकेल अशी थंडी नव्हती म्हणून दाजी म्हणाले रविवारी करू. पहाटे पाचला पालिंकाचा, घरच्या फळांच्या दारूचा, पहिला पेला, मग कापणं, भाजणं, धुणं. आमचे सर प्राध्यापकी विसरून बाह्या वर करून आतडी धूत होते. माझी बहीण म्हणाली, "हा माणूस खरंच प्रोफेसर आहे? हात बघ किती चालतो!"

संध्याकाळी टेबल लागलं ते उठेना. सॉसेज, कोबी, चरबीत तळलेले तुकडे, पुन्हा पालिंका. दाजी प्रत्येकाच्या ताटात वाढत आणि "खा, खा, डुक्कर परत येणार नाही" म्हणत. साडेदहाला मीच ओरडले, उद्या रक्त द्यायचंय, चला! बोरोका आली नव्हती, घरी अभ्यास करत बसली होती. तिच्यासाठी एक सॉसेज बांधून आणलं.

१५ डिसेंबर, सोमवार

सगळे वेळेवर आले, सगळे उपाशी. सकाळपासून कोणी कॉफीचा घोटसुद्धा घेतला नव्हता, प्रत्येकाला डोळ्यात डोळे घालून विचारलं. वीसच्या वीस नळ्या नऊपर्यंत भरल्या. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या. लाल भाग खाली बसला, वर पिवळं पाणी, आणि त्याच्यावर प्रत्येक नळीत पांढरी साय. सरांच्या नळीत तर बोटभर! अशा घाण नळ्या पोरीच्या हातात कशा द्यायच्या? सुपावरची चरबी काढतात तशी मी एकेका नळीवरची साय अलगद काढली, खालचं स्वच्छ पिवळं पाणी नव्या नळ्यांत भरलं, नंबर घातले, गोठवलं. अशा सुरेख वीस नळ्या या इमारतीत दुसरं कोणी करून दाखवावं.

दुपारी पोरगी धावत आली. परीक्षेत पाचपैकी पाच. मॅडमनी जागचं हलू न देता वीस मिनिटं प्रश्न विचारले म्हणे. नळ्या उजेडात धरून म्हणाली, "मावशी, काय सुंदर आहेत!" मी म्हटलं, "ते जाऊ दे, सॉसेज खा."

१९ डिसेंबर, शुक्रवार

निकाल! निरोगी माणसांत प्रथिन कमी, आजाऱ्यांत चौपट. चौपट! सर खुर्चीवरून उठून तिच्याशी हात मिळवायला गेले आणि मधल्या स्टुलाला अडखळले. परिषदेचा सारांश आजच पाठवला. पोरगी दहा मिनिटं आलेखाकडे बघत बसली. रडते की काय वाटलं. म्हणाली, "मावशी, तो पहिल्या दिवशी फुटबॉलवर भांडला होता ना. त्याचं तेव्हाच कळलं असतं."

मला गलबलून आलं. माझ्या वीस नळ्यांचाही त्यात वाटा आहे, हे मी कोणापाशी बोलले नाही. इथे लिहिते.

१२ जानेवारी, सोमवार

नाताळ झाला, नव्या वर्षाचे शकुनाचे मसूर खाऊन झाले. पोरगी परत आली ती नवं खूळ घेऊन. आणखी वीस निरोगी माणसं हवीत, आणि या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ती करणार. सर म्हणाले, "कशाला? निकाल लख्ख आहे. महिन्यात परिषद आहे, भाषणाची तयारी कर."

"सर, फार लख्ख आहे. चौपट कुठेच नसतं."

"नशीबवान आहेस."

"पेशंटला सांगू का, की नशीबवान आहात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, बरं, कर. मला जरा लागलं. माझ्या हातावर विश्वास नाही की काय हिचा?

२१ जानेवारी, बुधवार

मेलं यंत्रच बिघडलंय. नवीन वीस माणसं, तिच्या होस्टेलमधली पोरं-पोरी, आणि निकाल? निरोगी आणि आजारी जवळपास सारखेच! काही फरक नाही. मी म्हटलं, होस्टेलची पोरं काय निरोगी म्हणायची, नूडल्सवर जगतात. यंत्र तपासलं, ठीक आहे. रसायन बदललं, तेच. पोरगी पांढरीफटक पडलीये. दोन दिवस तिच्या डब्यातलं तसंच परत गेलं. मी सांगितलं, पहिले आकडे बरोबर आहेत, पहिल्या नळ्या मी स्वतः भरल्यात. यावर ती माझ्याकडे बघत राहिली.

२६ जानेवारी, सोमवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी ती वॉर्डातून आली, अंगात पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "मावशी, आज मी तुमची हिस्ट्री घेणार आहे. पोट दुखतंय म्हणून तुम्ही आलात असं समजा."

"मला काही दुखत नाहीये."

"पेशंट असंच म्हणतात. १५ डिसेंबर. सकाळी उठल्यापासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

मी सांगितलं. अमुक वाजता आले, अमुक आला, उपाशी होता, सुई टोचली. ती लिहीत होती. मग विचारलं, "आदल्या दिवशी काय खाल्लं होतं त्यांनी?"

"दाजींकडे डुक्कर कापलं ना! तुला सॉसेज नाही का आणलं?"

पेन थांबलं. पण तिनं आवाज बदलला नाही. "किती वाजेपर्यंत जेवत होते?"

"साडेदहा. मीच उठवलं."

"आणि नळ्या फिरवल्यावर कशा दिसल्या?"

"नेहमीसारख्या."

"नेहमीसारख्या म्हणजे कशा, मावशी? मला दिसायला हव्यात."

तेव्हा मी बोलून गेले, की वर साय आली होती, चरबीची, ती मी काढून टाकली. बोलताना अगदी सहज बोलले. तिचा चेहरा बघितला आणि मग मलाच ऐकू आलं मी काय म्हणाले ते. ते प्रथिन चरबीला चिकटून फिरतं. काम समजावताना तिनं मला ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. साय काढली, तिच्याबरोबर प्रथिनही गेलं. माझी वीस माणसं निरोगी म्हणून कमी निघाली नव्हती, मी धुऊन-पुसून त्यांना कमी केलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, पाणी आणलं, माझी नाडी धरून बसली. खरंच धरली, घड्याळात बघून मोजली.

"नेहमीच काढता का साय?"

"कधी आली तर. एकतीस वर्षं."

"कोणी विचारलं होतं कधी?"

"नाही."

"मीही नाही विचारलं," ती म्हणाली. "पेशंटला ढीगभर प्रश्न विचारते मी. निरोगी माणसाला एकही विचारला नाही." मग तिला एकदम हसू फुटलं, "चौपट! मावशी, तुमच्या दाजींचं डुक्कर चौपट निघालं!" आणि हसता हसताच रडायला लागली. आम्ही दोघी तिथे फ्रीजला टेकून रडलो.

२८ जानेवारी, बुधवार

तिनं एकेकाची हिस्ट्री घेतली. वीसही जणांची, सरांचीसुद्धा. सर म्हणाले, "दोन सॉसेज." ती बघत राहिली. "बरं, चार. आणि चरबीचे तुकडे. आणि पालिंका, मोजली नाही." सर कानापर्यंत लाल झाले होते. त्यांच्या नळीत बोटभर साय का होती ते तेव्हा कळलं.

मग दार लावून सर आम्हा दोघींशी बोलले. आजारी पड, भाषण मागे घे, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज कर. कोणाला काही सांगायची गरज नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं नाव कुठेही येणार नाही, विल्माबाई." किती भला माणूस! या वयात माझी लाज राखायला निघाले.

बोरोका म्हणाली, "पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही, सर. चौथ्या वर्षानंतर घेत नाहीत."

"माहीत आहे मला."

"आणि सारांश छापून गेलाय. कोणीतरी तो वाचेल, त्यावर पुढे काम करेल. सहा महिने घालवेल."

"मग काय करणार? उभी राहून सांगणार, की माझ्याकडे काही नाही?"

"हो."

सरांनी उठून दार उघडलं. मी रात्रभर तळमळले. समिती समोर बसणार, सेपेशी मॅडम बसणार, आणि ही स्वतःच्या हातानं स्वतःची जागा घालवणार. तीही माझ्यामुळे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काळा पोशाख घालून गेले, शेवटच्या रांगेत बसले. हॉल भरलेला. तिच्या आधी एका मुलाचं भाषण झालं, रंगीत चित्रं, फिरणारे गोल, सगळं हलत होतं. टाळ्या पडल्या.

मग ही. तिनं आधी चौपटीचा आलेख दाखवला. हॉलमध्ये कुजबुज झाली, छान म्हणून. मग म्हणाली, "हे खोटं आहे. उरलेली नऊ मिनिटं हे खोटं कसं तयार झालं ते सांगते." आणि एकेक पायरी सांगितली, जेवण, वेळ, साय, सगळं. वीस माणसांनी काय खाल्लं त्याचा तक्ता होता, नावाशिवाय. 'चार सॉसेज, पालिंका मोजली नाही' या ओळीला हॉल हसला, सर हसले नाहीत. शेवटी तिनं एकच प्रश्न लिहिला होता: त्या सायीत नेमकं किती प्रथिन होतं, आणि आजाऱ्यांच्या सायीत किती असेल? "मला अजून माहीत नाही," म्हणाली आणि थांबली.

बुडापेस्टहून आलेले एक म्हातारे परीक्षक म्हणाले, "म्हणजे चार महिन्यांनंतर हाती शून्य."

"शून्य नाही सर. पण निकालही नाही."

"आणि ही साय काढली कोणी?"

"नमुने माझे होते," ती म्हणाली. "कसे तयार झाले ते विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही."

"तुमचं काम मी विचारलं नाही. काढली कोणी?"

"नमुने माझे होते," ती पुन्हा म्हणाली. माझे कान तापले. सर पहिल्या रांगेतून मागे वळून माझ्याकडे बघत होते, मान हलवत होते, उठू नका म्हणून. मी उठले. म्हणाले, "मी काढली. टेक्निशियन आहे. एकतीस वर्षं नळ्या भरतेय. मोठमोठे लोक आमच्याकडून नळ्या घेऊन गेले, पुढे प्रोफेसर झाले. मी त्या नळ्यांचं काय करते ते एकानंही विचारलं नाही. या पोरीनं विचारलं."

आणि खाली बसले. म्हातारे परीक्षक काहीतरी लिहायला लागले. बक्षीस हलत्या चित्रांच्या मुलाला मिळालं.

बाहेर आल्यावर बोरोका मला म्हणाली, "मावशी, काय केलंत हे?"

"तू जे केलंस तेच," मी म्हटलं. तिनं मला भर रस्त्यात मिठी मारली. पोरीची हाडं लागतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिफ्टमध्ये नेमक्या सेपेशी मॅडम. दोघीच. मला घाम फुटला.

"उभ्या राहायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या.

"होती, मॅडम."

लिफ्ट दोन मजले चढली. मग, "खरंच एकतीस वर्षांत कोणी विचारलं नाही?"

"नाही."

"हं," म्हणाल्या आणि उतरल्या. त्यांचा मजला तो नव्हता. झालं, आता माझी तक्रार जाणार. आणि पोरीवर तर त्यांचा आधीपासूनच राग आहे. मीच उभी राहून सगळं आणखी बिघडवलं.

५ मार्च, गुरुवार

पोरगी रोज येतेय. जागा मिळायची नाही हे तिला माहीत आहे, तरी येते. जुन्या चाळीस पेशंटच्या नळ्या आम्ही पुन्हा एकेक करून बघतोय, कोणत्या नळीत साय होती, कोणत्यात नाही. मी आता काही करायच्या आधी मोठ्यानं बोलते. "आता मी झाकण उघडतेय. आता मी हात पुसतेय." ती म्हणते, "मावशी, हात पुसलेले नका सांगू." मी म्हणते, सगळं सांगणार.

वॉर्डात सेपेशी मॅडमनी नवा फॉर्म काढलाय. रक्त घ्यायच्या आधी प्रत्येकाला चार प्रश्न, त्यातला पहिला, काल रात्री काय आणि किती वाजता खाल्लं. त्या बाईला फॉर्मशिवाय चैनच पडत नाही.

१९ मार्च, गुरुवार

मिळाली!!

तीन विरुद्ध दोन. सर धावत तळघरात आले, जिन्यावरूनच ओरडले. बोरोका वॉर्डात होती. मला राहवेना, तशीच हातमोजे घालून वर गेले. ती एका आजोबांच्या पोटावर हात ठेवून उभी होती. मी दारातून खुणा केल्या, तिनं एक बोट वर केलं, थांबा म्हणून. आजोबांचं पोट तपासून झालं, त्यांना पांघरूण घातलं, काय सापडलं ते त्यांना समजावून सांगितलं, मग बाहेर आली. मी सांगितलं तर भिंतीला टेकून खालीच बसली.

सर म्हणतात, मतं गुप्त असतात, पण आपल्या बाजूनं दोनच जण नक्की होते, तिसरं कोणाचं ते कळत नाही. मला वाटतं दंतवैद्यकाचे ते जाडे प्राध्यापक असावेत, त्या दिवशी सॉसेजवर सगळ्यात मोठ्यानं तेच हसले होते. सेपेशी मॅडम कॉरिडॉरमधून गेल्या, खाली बसलेल्या पोरीकडे बघून म्हणाल्या, "केलेमेन, जमीन निर्जंतुक नाही. उठा." नाव घेऊन, "उठा" म्हणाल्या. इतके दिवस 'ए चौथं वर्ष' म्हणायच्या.

२४ मार्च, मंगळवार

आजपासून नव्यानं. निरोगी माणसांचा पहिला नमुना बोरोका स्वतःचाच देणार होती. वॉर्डातल्या ड्युटीवरून थेट सातला आली, बाही वर करून स्टुलावर बसली. मी सुई घेतली तर म्हणाली, "आधी हिस्ट्री, मावशी. तुम्ही घ्यायची."

"मी?"

"तुम्हीच. कागद घ्या."

मी चष्मा लावला. पेन उघडलं. "काल रात्री काय खाल्लं?"

"सातला बटाट्याचं सूप, पाव."

"त्यानंतर?"

"काही नाही."

"त्यानंतर," मी पुन्हा म्हटलं. पेशंट पहिल्यांदा खरं सांगत नाही, हे मला हिनंच शिकवलंय.

ती खाली बघायला लागली. "सकाळी सहाला एक पेला कोको. आणि लोण्याचा गोड पाव. दोन तुकडे."

"का गं?"

"सात नंबरच्या खाटेवरच्या आजी. तीन दिवस काही खात नाहीत. नवरा गेल्यापासून एकट्यानं घास उतरत नाही म्हणतात. मी म्हटलं मीही खाते तुमच्याबरोबर, तर खाल्लं त्यांनी. अख्खा पेला प्यायल्या, मावशी!"

तिचे डोळे झोपेनं लाल होते आणि चेहरा नुसता उजळला होता. मी सुई परत ट्रेमध्ये ठेवली, तिची बाही खाली ओढली आणि कफाचं बटण लावलं.

"डॉक्टर म्हणून पास," मी म्हटलं, "नमुना म्हणून नापास. घरी जाऊन झोप. उद्या उपाशी ये."